इंडक्शनसाठी भांडं घेताना आधी बूड पाहा

इंडक्शन शेगडी घेताना लोक वॅट पाहतात, बटणं पाहतात, काच पाहतात. भांड्यांचा विचार शेगडी घरी आल्यावर सुरू होतो, आणि तेव्हा कळतं की रोजचं वरणाचं पातेलं तिच्यावर तापतच नाही. इंदूरला रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर भागातल्या जुन्या मराठी घरांत पितळेची, ॲल्युमिनियमची, जाड स्टीलची भांडी भरपूर असतात. भंवरकुआँच्या आसपास खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांकडे एक कुकर आणि एक तपेली असते. अडचण दोघांचीही एकच. भांडं चालेल की नाही हे वरून दिसत नाही, ते बुडावर ठरतं.

त्यामागचं कारण थोडक्यात समजून घेतलं की पुढची निवड सोपी जाते. गॅसवर ज्योत भांड्याला तापवते, मग ते कशाचंही असो. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेचं गोल वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारी वीज वाहते आणि वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. या क्षेत्रात लोखंडाचं किंवा चुंबकीय स्टीलचं बूड आलं की त्या बुडातच वीज भोवऱ्यासारखी फिरू लागते आणि बूड स्वतः तापतं. काच तापते ती भांड्याच्या उष्णतेनं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांच्यात विजेला अडथळा फार कमी होतो, त्यामुळे उष्णता पुरेशी निर्माण होत नाही. शेगडीला वाटतं की वर भांडंच नाही. ती टीं-टीं वाजते आणि थोड्या वेळानं बंद पडते.

पहिली पायरी: घरातली भांडी तपासा

बाजारात जाण्याआधी फ्रिजवरचं एक चुंबक काढा आणि घरातलं प्रत्येक भांडं उपडं करून बुडाला लावा. तीन ठिकाणी लावून पाहायचं: मधोमध, मध्य आणि कडेच्या दरम्यान, आणि अगदी कडेला. चुंबक तिन्ही ठिकाणी घट्ट बसलं आणि ओढून काढताना जोर लागला तर भांडं चालेल. नुसतं टेकून राहिलं आणि हलवताच घसरलं तर ते भांडं बाजूला ठेवा.

इथे एक फसगत होते. जेवणाच्या डब्यांचं आणि पातेल्यांचं स्टील बहुधा चुंबकाला धरत नाही. पण तेच स्टील साच्यात दाबून ओढलं जातं तेव्हा वळणावर, म्हणजे बूड आणि भिंत जिथे मिळतात तिथे, थोडं चुंबकीय होतं. त्यामुळे कडेला चुंबक चिकटतं आणि मध्यभागी पडतं. असं भांडं इंडक्शनवर एक तर ओळखलं जात नाही किंवा अर्धवट तापतं. म्हणूनच मधली जागा तपासणं महत्त्वाचं.

दुसरी गोष्ट जुन्या समजुतीची. चांगलं स्टील म्हणजे चुंबक न लागणारं, असं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलं आहे. त्यात तथ्य आहे: १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं ३०४ जातीचं स्टील गंजाला चांगलं तोंड देतं आणि चुंबकाला धरत नाही. पण निकेलऐवजी बरंचसं मँगनीज घालून केलेलं २०० मालिकेतलं स्वस्त स्टीलही चुंबकाला धरत नाही. म्हणजे ती कसोटी तेव्हाही पुरी नव्हती. इंडक्शनसाठी तर बुडाच्या बाहेरच्या थराला चुंबक लागलंच पाहिजे. तो थर सहसा ४३० जातीच्या स्टीलचा असतो. त्यात क्रोमियम असतं, निकेल जवळजवळ नसतं. ते हलकं स्टील आहे म्हणून नाकारू नका. अन्नाला लागणारा आतला थर ३०४ चा आणि बाहेरचा ४३० चा, ही जोडी उत्तम.

दुसरी पायरी: सपाटपणा आणि रुंदी

चुंबक लागलं म्हणजे काम झालं असं नाही. लोखंडाची गोल बुडाची कढई चुंबकाला घट्ट धरते आणि तरी इंडक्शनवर निरुपयोगी असते, कारण काचेला तिचा रुपयाएवढाच भाग टेकतो. भांडं उपडं करून बुडावर स्टीलची फूटपट्टी उभी धरा आणि खालून उजेड दिसतो का पाहा. थंड असताना मध्यभाग आतल्या बाजूला किंचित खोल असेल तर चालतं. चांगल्या भांड्याला तो मुद्दाम तसा दिलेला असतो, तापल्यावर तो सपाट होतो. पण बूड बाहेर फुगलेलं असेल, सपाट ओट्यावर ठेवून बोटानं फिरवल्यावर भांडं गरगरत असेल, तर घेऊ नका. काच आणि बूड यांत दोन-तीन मिलिमीटरची फट राहिली तरी उष्णता कमी होते, शिवाय काचेखालच्या तापमान मोजणाऱ्या सेन्सरला खरा अंदाज येत नाही.

काही पातेल्यांना बुडाखाली उभी गोल कड असते. दुधाच्या आणि जुन्या धाटणीच्या भांड्यांत ती हमखास दिसते. त्या कडेमुळे बूड काचेपासून वर राहतं. अशी भांडी गॅससाठी ठेवा.

रुंदी मोजताना बहुतेक जण तोंडाचा घेर मोजतात. मोजायचा असतो बुडाचा सपाट, चुंबक धरणारा भाग. एका भांड्याच्या साध्या शेगडीला तो किमान १२ सेंटिमीटर लागतो, तुमच्या शेगडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत पाहा. चहाचं छोटं भांडं इथेच नापास होतं, कारण त्याचं बूड नऊ-दहा सेंटिमीटरचं असतं. चहा दोनच कप करायचा असला तरी बूड १२ ते १४ सेंटिमीटरचं घ्या. फोडणीच्या पळीचा तर प्रश्नच येत नाही, ती इंडक्शनवर ओळखली जाणार नाही. १४ सेंटिमीटर बुडाची छोटी जाड कढई फोडणीसाठी वेगळी ठेवा आणि ५०० ते ६०० वॅटवर तेल तापवा. गॅसच्या सवयीनं १६०० वर ठेवलंत तर मोहरी तडतडायच्या आत हिंग जळेल.

उलट बाजूनं, वेटोळ्यापेक्षा फार मोठं भांडंही नीट तापत नाही. साध्या शेगडीचं वेटोळं साधारण १८ ते २० सेंटिमीटरचं असतं. त्यावर ३० सेंटिमीटरचा तवा ठेवला की वेटोळ्यावर येणारं धिरडं करपतं आणि कडेचं पांढरंच राहतं.

तिसरी पायरी: कशाचं भांडं घ्यावं

ट्रायप्लाय हा आमच्या मते रोजच्या स्वयंपाकासाठी सर्वांत भरवशाचा प्रकार. आत ३०४ स्टील, मध्ये ॲल्युमिनियम, बाहेर ४३० स्टील असे तीन थर बुडापासून काठापर्यंत एकत्र दाबलेले असतात. स्टील उष्णता सावकाश पसरवतं, ॲल्युमिनियम त्याहून दहापटीपेक्षा जास्त वेगानं पसरवतं. त्यामुळे मधला थर नसलेल्या पातळ स्टीलच्या भांड्यात वेटोळ्याच्या आकाराचं करपलेलं कडं उमटतं आणि ट्रायप्लायमध्ये ते सहसा उमटत नाही. खीर, बासुंदी, साखरभात, बेसन भाजणं या कामांना तो फरक लगेच जाणवतो. एकूण जाडी अडीच मिलिमीटर किंवा जास्त असलेलं भांडं निवडा.

सँडविच बुडाचं भांडं त्याहून स्वस्त पडतं. त्यात भिंती साध्या स्टीलच्या आणि फक्त बुडाला ॲल्युमिनियमची चकती आणि तिला बाहेरून चुंबकीय स्टीलचं आवरण असतं. आमटी, भात, उसळ, भाजी उकडणं यांसाठी ते पुरेसं आहे, कारण पातळ पदार्थात उष्णता पाण्याबरोबर फिरते. आटवायच्या पदार्थात मात्र बुडाच्या चकतीची कड जिथे संपते तिथे चिकटतं. दूध आटवताना तिथून चमचा फिरवत राहावा लागतो. तांब्याचं बूड असलेली स्टीलची जुनी भांडी दिसायला याच घराण्यातली वाटतात, पण बाहेरून तांबं असल्यानं ती चालत नाहीत. चुंबक लावून खात्री करा.

ॲल्युमिनियमच्या काही भांड्यांना, कुकरना आणि नॉनस्टिक तव्यांना बुडात भोकाभोकांची स्टीलची पातळ चकती दाबून बसवलेली असते. तिला बाजारात ‘इंडक्शन बॉटम’ म्हणतात. घेताना त्या चकतीचा व्यास मोजा. बूड २० सेंटिमीटरचं आणि चकती १३ ची असेल तर शेगडी चकतीपुरतीच ताकद देईल. हार्ड ॲनोडाइज्ड म्हणजे इंडक्शनचं भांडं असा गैरसमज आहे. काळसर झालं तरी ते ॲल्युमिनियमच, बुडात चकती असेल तरच चालतं.

लोखंड आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दोन्ही उत्तम चालतात. बिडाचं भांडं हळू तापतं, उष्णता धरून ठेवतं आणि काचेवर ओढलं की ओरखडा पाडतं. ते उचलून ठेवायचं आणि उचलूनच घ्यायचं. थंड बीड एकदम पूर्ण ताकदीवर तापवू नका, तडकण्याचा धोका असतो. एनॅमल चढवलेलं लोखंड चालतं, पण रिकामं तापलं की एनॅमल उडतं.

पितळ, तांबं, कासं, माती, काच यांपैकी काहीच चालत नाही. मग दुकानदार लोखंडाची सपाट चकती दाखवतो आणि सांगतो, ही खाली ठेवा, वर काहीही ठेवा. ती घेऊ नये असंच आम्ही सांगू. चकती आधी स्वतः खूप तापते, मग भांड्याला देते. वेळ आणि वीज दोन्ही वाया जातात. शिवाय इतकी तापलेली चकती थेट काचेवर बसते, सेन्सर शेगडी मध्येच बंद करतो. कल्हई केलेलं पितळी पातेलं अशा चकतीवर ठेवणं तर धोक्याचं, कारण कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं.

एक सोय मात्र लक्षात ठेवा: फक्त खालचं भांडं इंडक्शनचं असावं लागतं. कुकरमधले वरण-भाताचे डबे कशाचेही चालतात. इंदुरी पोहे वाफेवर गरम ठेवायचे तर खाली चुंबक धरणाऱ्या पातेल्यात पाणी उकळा आणि वर ॲल्युमिनियमची चाळणी ठेवा. मोदकपात्राचंही तेच. वरची पितळी मोदकपात्राची जाळी टाकून द्यायची गरज नाही.

पहिला संच

दोघा-तिघांच्या घराला किंवा खोलीवर राहणाऱ्याला एकदम सात-आठ भांडी लागत नाहीत. कुकर आधी घ्या. एकट्याला किंवा दोघांना ३ लिटरचा, चार-पाच जणांना ५ लिटरचा. डबे लावून वरण-भात करायचा असेल तर ५ लिटरचाच बरा, ३ लिटरमध्ये डबे अडकतात. कुकरवर आयएसआय खूण आणि आयएस २३४७ हा क्रमांक असायला हवा. डबे लावताना तळाला दोन वाट्या पाणी घाला. इंडक्शनवर कुकर लवकर तापतो, त्यामुळे गॅसवरचा शिट्ट्यांचा हिशेब तसाच चालत नाही. १२०० वॅटवर पहिली शिट्टी होऊ द्या, मग ४०० ते ५०० वर आणून मिनिटं मोजा. तूरडाळ भिजवलेली असेल तर १० ते १२ मिनिटांत शिजते.

त्यानंतर दोन लिटरचं जाड बुडाचं पातेलं, २४ सेंटिमीटर तोंडाची सपाट बुडाची कढई आणि तवा. बाकीचं गरजेप्रमाणे.

तव्याबद्दल जरा सविस्तर, कारण नव्या माणसाची सर्वांत जास्त निराशा तिथेच होते. आपला पोळीचा तवा किंचित खोलगट असतो, तो इंडक्शनवर मधोमधच टेकतो. त्यामुळे पोळीचा तवा वेगळा घ्यावा लागतो: पूर्ण सपाट, २५ सेंटिमीटरच्या आसपास, लोखंडाचा किंवा बिडाचा, साडेतीन ते चार मिलिमीटर जाड. वेटोळं कड्यासारखं असतं आणि त्याच्या अगदी मध्यावर क्षेत्र कमकुवत असतं. म्हणून पातळ तव्यावर पोळीला तपकिरी कडं पडतं आणि मधे कच्ची राहते. जाड तवा ७०० ते ८०० वॅटवर चार-पाच मिनिटं तापू द्या, म्हणजे उष्णता सगळीकडे पसरते. मग १००० वर पोळ्या भाजा. घाईनं २००० वर ठेवलेला पातळ तवा वाकतो आणि एकदा वाकला की सरळ होत नाही.

फुलका ज्योतीवर फुगवायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. काचेवर जाळी ठेवून फुगवता येत नाही. तव्यावरच दुसरी बाजू भाजताना घडी केलेल्या सुती फडक्यानं कडा हलक्या दाबल्या की पोळी फुगते. भाकरीसाठी मात्र आम्ही गॅसचा एक बर्नर राखून ठेवा असंच म्हणू.

नॉनस्टिक तवा घेणार असाल तर त्याचं तापमान सांभाळा. त्यावरचा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो, आणि इंडक्शनवर रिकामा तवा पूर्ण ताकदीवर तिथवर फार लवकर पोचतो. तवा रिकामा तापवू नका, ८०० वॅटच्या वर नेऊ नका.

बाजारात

राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात जाताना खिशात चुंबक, मोजपट्टी आणि मोबाइलमध्ये शेगडीखाली चिकटवलेल्या माहितीच्या पट्टीचा फोटो ठेवा. ‘इंडक्शन पे चलेगा?’ असं विचारलं की उत्तर बहुतेक ठिकाणी ‘बिल्कुल चलेगा’ असंच येतं. विचारा, पण चुंबक स्वतः लावा. स्टील किलोच्या भावानं मिळतं तिथे वजन जास्त म्हणजे बूड जाड असं गृहीत धरू नका, काठ आणि कानही वजनात मोजले जातात. बुडावर बोटाच्या पेरानं टकटक करा: जाड बूड ठक्क वाजतं, पातळ टण्ण वाजतं. चकती बसवलेली असेल तर तिच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं किंवा फट जाणवली तर ती चकती लवकरच सुटेल.

भांड्यावर नाव घालून घ्यायचं असेल तर ते भिंतीवर घाला, बुडावर नको. कोरण्याच्या सुईचे ठोके पातळ बुडाला उंचवटे आणतात. धनत्रयोदशीच्या गर्दीत कोणी उपडं करून नीट पाहू देत नाही, तेव्हा आठवडाभर आधी जा.

शेगडी अजून घ्यायची असेल तर नाव नीट वाचा. ‘कोणतंही भांडं चालेल’ असं लिहिलेली शेगडी इन्फ्रारेड असते. ती तापलेल्या तारेनं भांडं गरम करते, काच लालभडक होते. तिच्यावर पितळही चालतं, पण ती इंडक्शन नव्हे. आणि २००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ अँपिअर वीज ओढते. तिला १६ अँपिअरचा मोठा सॉकेटच हवा. भाड्याच्या खोलीतल्या लहान ६ अँपिअरच्या सॉकेटवर ती लावली की प्लग तापतो, प्लास्टिक वितळतं.

वापरताना काय बिघडतं

कमी ताकदीवर साध्या शेगड्या सलग मंद तापत नाहीत. ३०० किंवा ४०० वॅट निवडलं की त्या काही सेकंद जोरात चालतात, काही सेकंद थांबतात. पातळ बुडाच्या भांड्यात दूध उतू जातं आणि लागतं ते यामुळेच. जाड बूड तो चढउतार पचवतं.

इंडक्शन चकतीचा ॲल्युमिनियम कुकर गरम असताना नळाखाली धरू नका. ॲल्युमिनियम तापल्यावर चकतीच्या चुंबकीय स्टीलपेक्षा दुपटीहून जास्त पसरतं आणि थंड होताना तितकंच आकसतं. रोज हा झटका बसला की चकती सैल होते, मग कुकर खडखडतो आणि एक दिवस ओळखलाच जात नाही. वाफ आपोआप उतरू द्या.

बारीक गुणगुण ऐकू आली तर घाबरू नका. थर दाबलेल्या भांड्यांतून जास्त ताकदीवर तसा आवाज येतोच, ताकद कमी केली की थांबतो. खडखडाट असेल तर चकती सैल झाली आहे.

स्टीलच्या पातेल्यात मीठ पाणी उकळल्यावर घाला. थंड पाण्यात तळाला बसलेलं मीठ स्टीलला बारीक खड्डे पाडतं. बोअरवेलच्या पाण्यानं तळाला पांढरा थर जमला तर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर किंवा अर्धं लिंबू पिळून ५ मिनिटं उकळा आणि धुऊन टाका. बुडाची बाहेरची बाजू ठेवण्याआधी दर वेळी कोरडी पुसा, कारण बुडाखालचं पाणी आणि साखर काचेवर करपते आणि ते डाग घासून निघत नाहीत. निळसर किंवा इंद्रधनुषी छटा आली तर भांडं खराब झालेलं नाही, ते रिकामं जास्त तापलं होतं एवढंच.

घरात कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर शेगडीपासून किती अंतर ठेवायचं हे आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि तोपर्यंत स्वयंपाक दुसऱ्यानं करावा. भांडंही वेटोळ्याच्या मधोमध ठेवा. ते एका बाजूला सरकलेलं असलं की वेटोळ्याचा काही भाग उघडा राहतो आणि क्षेत्र बाहेर जास्त पसरतं.